गोव्यात पॅरालीगलचे काम: काय शिकावे, कुठे शिरावे, कुठे घोडे पेंड खाते

वकील नसतानाही कायद्याचे कागदपत्र सांभाळतो तो पॅरालीगल. भारतात पॅरालीगल म्हणून काम करायला परवाना लागत नाही, परीक्षा नाही, कुठल्या कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागत नाही. गोव्यातल्या जाहिरातींत तर हा शब्दही क्वचितच दिसतो. तिथे ‘लीगल असिस्टंट’, ‘क्लार्क-कम-टायपिस्ट’, ‘लीगल एक्झिक्युटिव्ह’ असे काहीतरी लिहिलेले असते आणि तिन्ही ठिकाणी काम साधारण तेच निघते. परवाना नाही म्हणून दार सगळ्यांना उघडे, आणि त्याच कारणाने नुसत्या प्रमाणपत्राला किंमतही कमी. गोव्यात ज्याला जमिनीचा कागद वाचता येतो आणि ज्याच्या हातून तारीख सुटत नाही, त्याला काम कमी पडत नाही. म्हणून या लेखात जास्त जागा या दोन गोष्टींना दिली आहे.

काम कुठे आहे

सर्वांत जास्त काम खासगी वकिलांच्या ऑफिसांत आहे: पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा, आणि हायकोर्ट २०२१ मध्ये पर्वरीच्या नव्या इमारतीत गेल्यापासून पर्वरीतही. इथला दिवस सकाळी बोर्ड, म्हणजे कोर्टाची त्या दिवशीच्या केसेसची यादी, पाहण्यापासून सुरू होतो. आज कुठल्या कोर्टात कुठली फाइल, कोणत्या टप्प्यावर, साक्षीदार येणार का, हे वकील घराबाहेर पडण्याआधी तुमच्याकडे तयार हवे. दुपारी कचेऱ्यांच्या फेऱ्या आणि संध्याकाळी पक्षकार. वकील कोर्टातून परतल्यावरच ऑफिस खरे भरते, त्यामुळे पाचला घरी जायची अपेक्षा असेल तर हे काम तुमचे नव्हे.

दुसरे ठिकाण बिल्डर आणि त्यांच्यासाठी टायटल (जमिनीची मालकी) तपासणारे वकील. बँकाही गृहकर्ज देण्याआधी त्यांच्या पॅनेलवरच्या वकिलाकडून टायटल सर्च घेतात आणि त्या सर्चसाठी कागद गोळा करून आणणारा माणूस त्या वकिलाला हवाच असतो. तिसरे म्हणजे कंपन्या. वेर्णा औद्योगिक वसाहतीतले कारखाने, हॉटेले, मुरगाव बंदराच्या आसपासच्या शिपिंग कंपन्या यांना करार, परवान्यांच्या मुदती, कामगारांचे खटले सांभाळणारे लोक लागतात. इथे वेळ ठरलेली असते, पगार वेळेवर होतो, पण कोर्टाची सवय लागत नाही. घरबसल्या परदेशी करार तपासण्याची कामेही मिळतात. त्यासाठी इंग्रजी पक्के हवे, आणि गोव्यात राहून शिकलेल्या बाकीच्या गोष्टींचा तिथे काही उपयोग नाही.

जिल्हा न्यायालयांतल्या कारकून, स्टेनो, बेलीफ (समन्स-नोटिसा बजावणारा) या सरकारी जागा वेगळ्या. त्यांच्या जाहिरातींत साधारणपणे मामलेदाराचा १५ वर्षे वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान सक्तीचे, मराठीचे असल्यास उत्तम असे असते. वास्तव्याचा दाखला जाहिरात आल्यावर काढायला जाऊ नये, अर्जाची मुदत त्यातच संपते.

मर्यादा आधी समजून घ्या

१९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणे वकिली फक्त नोंदलेल्या वकिलाने करायची. नसताना कोर्टात वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्यक्षात अडचण कोर्टात उभे राहण्याने येत नाही, ती ऑफिसच्या बाकावर येते. वकील कोर्टात असतात, पक्षकार येऊन बसतो आणि विचारतो, ‘आमचें कितें जातलें?’ (आमचे काय होणार?) त्याला पुढची तारीख सांगा, कुठला कागद राहिला ते सांगा. केस जिंकणार का, तडजोड करावी का, कुठले कलम लागेल, हे सांगू नका. तुम्ही चांगल्या मनाने दिलेला सल्ला पुढे वकिलाच्या नावावर जातो.

दुसरी मर्यादा दलालीची. कोर्टाच्या आवारात पक्षकार गाठून वकिलाकडे नेणे आणि त्यावर कमिशन घेणे ही दलाली. २०२३ च्या दुरुस्तीने अॅडव्होकेट्स अॅक्टमध्ये कलम ४५ए घालून दलालांची यादी लावण्याचा अधिकार हायकोर्ट आणि जिल्हा न्यायाधीशांना दिला आहे, आणि यादीत नाव असताना दलाली करणे हा गुन्हा आहे. एखादे ऑफिस ‘पगार कमी, पण आणलेल्या केसमागे इतके’ म्हणत असेल तर तिथून उठावे.

तिसरी गोष्ट गुपिताची. पक्षकाराने वकिलाला सांगितलेले बाहेर न फोडण्याचे बंधन वकिलाच्या कारकुनावर आणि नोकरांवरही आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये ते स्पष्ट लिहिलेले आहे. गोवा लहान. ज्या दोन भावांची वाटणी चालली आहे त्यांचा तिसरा चुलतभाऊ तुमच्या वाड्यावरचा असण्याची शक्यता इथे बरीच असते. चहाच्या टेबलावर फाइलीचे नावही निघता कामा नये.

शिक्षण: किती आणि कुठले

बारावी आणि टायपिंगवर सुरुवात होते, पदवी असली तर बरे. इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा बारावीनंतर करता येतो. कोर्ट कसे चालते याची ओळख त्यात होते, पण गोव्याचा जमीन कायदा त्यात सापडणार नाही. एलएलबी करायचे असेल तर मिरामारला व्ही. एम. साळगावकर लॉ कॉलेज आणि मडगावला जी. आर. कारे लॉ कॉलेज आहे. तिथे हजेरी लागते, पूर्णवेळ नोकरी सांभाळून ती भरणे अवघड जाते. पॅरालीगल म्हणून केलेली वर्षे वकिलीच्या पात्रतेत धरली जात नाहीत. पुढे वकील व्हायचे झालेच तर एलएलबी, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी आणि ऑल इंडिया बार परीक्षा हा रस्ता सगळ्यांना सारखाच.

कोर्सपेक्षा चार कौशल्ये आधी कमवा. इंग्रजी टायपिंग मिनिटाला निदान ४० शब्द. युनिकोड देवनागरी, कारण पक्षकाराचे म्हणणे मराठीत किंवा कोकणीत येते. वर्डमध्ये परिच्छेदांचे आपोआप क्रमांक, स्टाइल आणि अनुक्रमणिका. आणि पीडीएफ: स्कॅन करणे, शोधता येईल अशी करणे, पाने जोडणे, बुकमार्क घालणे. याला साधारण दोन महिने लागतात आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत.

जमिनीची फाइल: खरी परीक्षा इथे

गोव्यात एकाच जमिनीला तीन-चार वेगवेगळे क्रमांक असतात आणि ते वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कचेऱ्यांनी दिलेले असतात. पोर्तुगीज काळातल्या लँड रजिस्ट्रेशनचा डिस्क्रिप्शन नंबर, महसुलासाठीचा मात्रीज नंबर, आणि मुक्तीनंतरच्या सर्व्हेचा सर्व्हे नंबर व सबडिव्हिजन. शहरात सिटी सर्व्हे असेल तर पीटी शीट आणि चलता नंबर. हे सगळे एकाच तुकड्याचे आहेत हे सिद्ध करणे म्हणजे निम्मा टायटल सर्च.

कामाला बसल्यावर आधी १ व १४ चा उतारा (जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद) काढा. गोव्याच्या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. फाइलीत मात्र प्रमाणित प्रत लावायची. वाचताना बहुतेक नवखे भोगवटादाराचे नाव पाहतात आणि थांबतात. पाणी मुरते ते खालच्या रकान्यांत. कुळाच्या रकान्यात नाव असेल तर १९६४ चा कूळ कायदा लागतो आणि मालकाने एकट्याने विकलेली जमीन पुढे अडते. ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘अमक्याचे घर’ अशी एक ओळ असते. ती बहुतेक वेळा मुंडकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची, असते, म्हणजे १९७५ चा मुंडकार कायदा आला. मग म्युटेशनचा (फेरफाराचा) क्रमांक पाहा आणि त्या म्युटेशनची फाइल मागवा: नाव कुठल्या दस्ताने लागले, नोटिसा कोणाला गेल्या. क्षेत्रफळाच्या रकान्यात लागवडीखालची आणि पोटखराबा (लागवडीला न येणारी) जमीन वेगळी दाखवलेली असते, बेरीज स्वतः करून बघा.

उतारा म्हणजे मालकी, असे पक्षकार धरून चालतो. गोवा भू-महसूल संहितेच्या कलम १०५ प्रमाणे नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी दस्तावरून ठरते. म्हणून पुढची पायरी जुन्या नोंदींची.

लँड रजिस्ट्रेशनच्या नोंदी दोन तऱ्हेच्या. डिस्क्रिप्शन म्हणजे मालमत्तेचे वर्णन, ते ‘बी’ पुस्तकात. इन्स्क्रिप्शन म्हणजे ती कोणाच्या नावे कशी आली, ते ‘जी’ पुस्तकात. जुन्या दस्तात ‘बुक बी अमुक, फोलिओ तमुक’ असे आढळले की तोच धागा धरून त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब रजिस्ट्रारकडे जायचे. या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत. भाषा शिकायला नको, पण चतुःसीमा वाचता यायला हव्यात: नोर्ते उत्तर, सूल दक्षिण, नासेंते पूर्व, पोएंते पश्चिम. नावांचे स्पेलिंगही पोर्तुगीज पद्धतीचे. शंकरची सुरुवात एक्सने, नाईकचा शेवट क्यू-यू-ईने. इंडेक्समध्ये आजच्या स्पेलिंगने शोधाल तर ‘नोंद नाही’ असा निकाल काढून परत याल. एका नावाची तीन-चार रूपे कागदावर लिहून घेऊनच शोधायला बसावे. कोर्टात द्यायचे भाषांतर मात्र जाणकाराकडूनच करून घ्या आणि त्याची सही व पात्रता खाली येऊ द्या. खूप जुने दस्त पणजीला पुराभिलेख खात्यात सापडतात.

मग सब रजिस्ट्रारकडचा शोध. तो किती वर्षांचा ते वकील सांगतील, सर्वसाधारणपणे ३० वर्षांचा मागतात. शोध नावाने आणि मालमत्तेने, दोन्ही वाटांनी घ्यायचा. नुसता निल एन्कम्ब्रन्सचा (बोजा नसल्याचा) दाखला घेऊन भागत नाही, कारण तो ज्या वर्णनावर मागितला त्या वर्णनापुरताच खरा असतो. अर्जात सर्व्हे नंबर लिहिला आणि गहाणखत जुन्या डिस्क्रिप्शनवर असेल, तर दाखला कोरा येतो.

चौथी पायरी माणसांची. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या नियमाप्रमाणे गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, वारशाने आलेलीसुद्धा. याचा व्यवहारातला अर्थ असा की चार भावंडांच्या विक्रीखतावर आठ सह्या लागतात. लग्न झालेल्या बहिणीचा नवराही त्यात आला. त्यामुळे प्रत्येक नावापुढे विवाह नोंदणीचा उतारा लागतो, आणि घटस्फोट झाला असेल तर त्याची नोंद त्या उताऱ्यावर चढली आहे का हे पाहावे लागते. महाराष्ट्रातून आलेले वकीलसुद्धा इथे फसतात. तिकडच्या सवयीने फक्त मुलगा-मुलगी मोजतात.

शेवटी झोनिंगचा (जमीन कुठल्या वापराच्या पट्ट्यात येते त्याचा) दाखला, रूपांतराची (बिगरशेती वापराची) सनद असल्यास तिच्यावरचे क्षेत्र आणि अटी, आणि जमीन भातशेतीची आहे का. २०२३ च्या कायद्याने भातशेती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर निर्बंध आहेत. हे आधी कळले नाही तर महिनाभराचे काम पाण्यात. झोनिंगचा दाखला ताजाच घ्यावा, वर्षापूर्वीचा फाइलीत लावू नये.

हे सगळे एका तक्त्यात मांडायचे. रकाने पाच: तारीख, दस्ताचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक, कोणाकडून, कोणाकडे, आणि मालमत्तेचे त्या दस्तातले वर्णन, क्षेत्रफळासह. पाचवा रकाना लोक गाळतात आणि गडबड तिथेच सापडते. १९५५ च्या दस्तात पूर्वेला ओहोळ, १९८८ च्या दस्तात पूर्वेला रस्ता. क्षेत्रफळ मधल्याच एका दस्तात वाढलेले. अशा ठिकाणी तक्त्यात लाल खूण करा आणि वकिलाला दाखवा. खुलासा आपल्या मनाने लिहू नका. जुने दस्त बनावट तयार करून जमिनी हडपल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी खास तपास पथक नेमावे लागले. त्यानंतर कुठलाही वकील झेरॉक्सवर विसंबत नाही. मूळ पुस्तकातली नोंद, तिच्या मागची-पुढची नोंद, शाई, अक्षर, पान नंतर चिकटवलेले तर नाही ना, हे पाहून शेरा लिहिणारा मदतनीस त्यांना सोन्यासारखा.

तारखांची वही

मोबाइलमधले कॅलेंडर ठेवा, पण कागदाची डायरीही ठेवा आणि दोन्ही रोज जुळवा. कोर्टातून फाइल परतली की त्याच दिवशी पुढची तारीख आणि ‘कशासाठी’ हे लिहायचे. ‘कशासाठी’ नसेल तर तारीख असून नसल्यासारखीच. ईकोर्ट्सच्या अॅपवर १६ अक्षर-अंकांच्या सीएनआर क्रमांकाने केस सापडते, पण अॅपवरची नोंद कधी उशिरा चढते. शंका आली तर रोजनामा (केसमध्ये त्या त्या दिवशी काय झाले याची कोर्टाची नोंद) पाहावा.

नेहमीच्या मुदती पाठच हव्यात. दाव्यात लेखी म्हणणे समन्स लागल्यापासून ३० दिवसांत, कोर्टाच्या परवानगीने ९० पर्यंत. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर दारच बंद. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपील ३० दिवस, हायकोर्टात ९०. कॅव्हेट (आपले ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) ९० दिवस चालते, मग नवे घालावे लागते. सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस आणि दोन महिने थांबणे. चेक परत आला तर बँकेचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, आणि ते उलटल्यावर एका महिन्यात तक्रार. कुठली मुदत कुठल्या केसला लागते हे ठरवणे वकिलाचे, ती सुटू न देणे तुमचे.

प्रमाणित प्रतीच्या मागचा शिक्का हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित मजकूर. त्यावर अर्ज केल्याची, प्रत तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा असतात. अपिलाच्या मुदतीतून अर्जापासून प्रत तयार होईपर्यंतचा काळ वजा होतो. समजा निकाल ३ मार्चचा, अपिलाला ३० दिवस. साधा हिशेब २ एप्रिलला संपतो. प्रतीसाठी अर्ज १० मार्चला केला, प्रत २४ मार्चला तयार झाली, तर ते १५ दिवस मिळतात आणि मुदत १७ एप्रिलला जाते. प्रत २४ ला तयार असून तुम्ही ३१ ला आणायला गेलात, तर मधले दिवस तुमच्या खात्यात बुडाले. अर्ज १० ऐवजी २८ मार्चला केला असता तर त्याआधीचे दिवसही गेलेच. म्हणून नियम असा: निकाल लागला त्याच दिवशी प्रतीचा अर्ज, आणि शुल्काचा अंदाज मिळाला त्याच दिवशी भरणा. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कोर्ट उघडल्या दिवशी दाखल करता येते, पण त्या भरवशावर डायरी लिहू नये. डायरीत मुदतीच्या सात दिवस आधीची तारीख शाईने लिहावी.

नोटिसा पाठवताना पोस्टाची पावती आणि ट्रॅकिंगची प्रिंट दोन्ही लगेच फाइलीत. ट्रॅकिंगची नोंद काही काळाने संकेतस्थळावरून जाते आणि साक्षीच्या वेळी नोटीस पोचल्याचा पुरावा शोधत बसावे लागते.

दाखल करताना परत का येते

फाइलिंग काउंटरवर ऑब्जेक्शन लागण्याची कारणे वर्षानुवर्षे तीच. पानांना क्रमांक नाहीत किंवा अनुक्रमणिकेशी जुळत नाहीत. वकालतनाम्यावर तारीख नाही, किंवा तीन पक्षकारांपैकी एकाची सही राहिली. कोर्ट फी कमी. जोडलेली झेरॉक्स वाचता येत नाही. मराठी किंवा पोर्तुगीज कागदाला इंग्रजी भाषांतर नाही. यादीत ‘मूळ’ लिहिले आणि जोडली प्रत. दाखल करायच्या आदल्या दिवशी ही यादी समोर ठेवून दुसऱ्याच्या नजरेने फाइल चाळा. स्वतः तयार केलेल्या फाइलीतली चूक स्वतःला दिसत नाही.

कागद आणि अक्षराचे नियम कोर्टागणिक बदलतात. सुप्रीम कोर्टाचे २०२० पासूनचे ठरलेले: ए-४ कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, टाइम्स न्यू रोमन १४, ओळींत दीड अंतर, डावा-उजवा समास ४ सेंटिमीटर, वर-खाली २. बाकी कोर्टांचे त्या त्या काउंटरवर विचारून ऑफिसात भिंतीला चिकटवून ठेवा.

प्रतिज्ञापत्र वेगळे लक्ष मागते. प्रत्येक पानावर सही, खाडाखोडीवर आद्याक्षरे, जोडलेल्या कागदांवर खुणेची अक्षरे आणि मजकुरातही तीच. मजकूर इंग्रजीत आणि सही करणाऱ्याला कोकणी-मराठीच येत असेल, तर मजकूर त्याच्या भाषेत वाचून समजावल्याची नोंद खाली हवी आणि समजावणाऱ्याची सही हवी. नुसती नोंद टाइप करू नका, खरोखर वाचून दाखवा. उलटतपासणीत ‘तुम्हाला मजकूर माहीत होता का’ हा पहिला प्रश्न येतो आणि सत्तरीतली एखादी म्हातारी प्रांजळपणे ‘ना’ म्हणते.

व्हॉट्सअॅपचे संदेश, फोटो, सीसीटीव्ही यांना साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. १ जुलै २०२४ पासूनच्या या नमुन्यात भाग अ पक्षकाराचा आणि भाग ब तज्ज्ञाचा आहे, शिवाय फाइलीची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा संगणकी आकडा) लिहावी लागते. पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगा: फोन बदलू नका, चॅट पुसू नका, मूळ फाइल इकडे-तिकडे फॉरवर्ड करून मला पाठवू नका. फॉरवर्ड झालेली प्रत मूळ राहत नाही.

इन्व्हेंटरीची फाइल

मयताच्या मालमत्तेची वाटणी गोव्यात कोर्टातल्या इन्व्हेंटरीने होते, २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली. वाद नसेल आणि नुसते वारस ठरवायचे असतील तर स्पेशल नोटरीकडे वारसा दस्त होतो. इन्व्हेंटरीत पॅरालीगलचे काम घरच्या वंशावळीपासून सुरू होते. मयत, जोडीदार, मुले, त्यांचे जोडीदार, आधी वारलेल्या मुलाची मुले. प्रत्येक नावाला जन्म, विवाह किंवा मृत्यूचा उतारा. मग मालमत्तेची यादी, प्रत्येक बाबीला उतारा आणि मूल्य. पुढे काबेसा दे काझालची, म्हणजे मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या कुटुंबप्रमुखाची, शपथ, हिस्सेदारांना नोटिसा, लिसिटेशन म्हणजे वारसांतला लिलाव, वाटणीचा तक्ता आणि अंतिम आदेश.

गाडे अडते ते नोटिसांवर. एक भाऊ मुंबईत, एक बहीण लिस्बनला, पुतण्या इंग्लंडमधल्या स्विंडनला. परदेशातली बजावणी केंद्रीय कायदा मंत्रालयामार्फत जाते आणि महिने खाते. त्यामुळे पहिल्याच भेटीत सगळ्यांचे पूर्ण पत्ते घ्या आणि कोण मुखत्यारपत्र द्यायला तयार आहे ते विचारा. परदेशात केलेले मुखत्यारपत्र अपॉस्टिल (तिथल्या सरकारने प्रमाणित) केलेले किंवा भारतीय वकिलातीतून साक्षांकित हवे, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची. कुरिअरचे पाकीट फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावरूनच दाखवता येते.

विधी सेवेतून सुरुवात

अनुभव नाही आणि कोणी घेत नाही, अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरालीगल व्हॉलंटिअर म्हणून अर्ज करावा. नाल्साची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, ही योजना २००९ पासूनची. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, कायद्याचे विद्यार्थी, बचत गटातल्या बायका अशांना प्रशिक्षण देऊन घेतात, निदान दहावी असावी अशी अपेक्षा असते. ही नोकरी नव्हे, काम केलेल्या दिवसाचे मानधन मिळते. पण मोफत वकील कोणाला मिळतो, अर्ज कसा भरायचा, लोक कुठे अडतात हे इथे जितके दिसते तितके खासगी ऑफिसात दिसत नाही. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न पाहता मदत मिळते, हे पंचायतीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसते. हेल्पलाइन १५१००.

शिवाय २०२२ च्या योजनेतल्या लीगल एड डिफेन्स कौन्सेलच्या (आरोपींसाठीच्या मोफत वकिलांच्या) कार्यालयांत ऑफिस असिस्टंट आणि डेटा एन्ट्रीच्या कंत्राटी जागा निघतात. जिल्हा न्यायालयांच्या संकेतस्थळावर जाहिरात येते, आठवड्यातून एकदा बघत राहा.

नोकरी मागायला जाताना

बायोडेटा एका पानाचा पुरे. त्यासोबत एक नमुना न्या: आपल्याच घरच्या जमिनीचा १ व १४, जुना दस्त मिळाला तर तो, आणि वरच्यासारखा पाच रकान्यांचा तक्ता. घरच्यांची नावे त्यावर असू नयेत, अ, ब, क करा. वकिलाला तो पाहायला दोन मिनिटे लागतात आणि तुम्हाला काय येते ते मुलाखतीपेक्षा नीट कळते. सोमवारी सकाळी जाऊ नका. शुक्रवारी संध्याकाळी, पक्षकार ओसरल्यावर जावे.

बोलणी करताना पगाराखेरीज चार गोष्टी विचारा. कचेऱ्यांच्या फेऱ्यांचे पेट्रोल कोण देणार. काणकोण किंवा पेडण्याच्या कोर्टात जायचे झाले तर त्याचा वेगळा भत्ता आहे का. स्टॅम्प, प्रती, शुल्क यांसाठी आगाऊ रक्कम हातात मिळेल का. आणि टायटल सर्चचे काम फाइलीमागे मोबदल्यावर आहे की पगारात धरलेले. आगाऊ रकमेचा हिशेब वहीत पावतीसह रोज लिहा आणि आठवड्याला वकिलाची सही घ्या. कोर्टाच्या खिडकीवर वकिलाच्या वतीने कागद द्यायचे-घ्यायचे असतील तर नोंदणीकृत क्लार्क म्हणून वकिलामार्फत अर्ज करून ओळखपत्र काढून घ्यावे. मूळ दस्त पक्षकाराकडून घेताना यादी करून दोन प्रतींवर सह्या, एक त्याला, एक फाइलीत, आणि परत देताना त्याच यादीवर पोच. ऑफिसात अशी पद्धत नसेल तर ती तुम्ही पहिल्या आठवड्यात सुरू करा. मूळ विक्रीखत हरवल्याचा आळ नेहमी सगळ्यांत नव्या माणसावर येतो.